उलटवलेले बदल

मुजावर पहिल्यांदा आमच्या घरी आले ते आण्णा घरात नसतील अशी वेळ साधून. आण्णा सकाळी जैन बस्तीत दर्शनाला जात, तिथून दाढी करायला दुकानात, आणि तिथेच पेपर वाचून उन्हं चढायच्या बेताला परतत. त्या दिवशी ते बाहेर पडले आणि थोड्याच वेळात दारात मोटारसायकल थांबली. हेल्मेट काखेत धरून एक बुटके, जाड चष्म्याचे गृहस्थ उभे होते. मगदूम सरांचं घर हेच का, असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मी शकील मुजावर. इचलकरंजीहून आलोय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आठ वर्षं हे नाव आमच्या घरात रोज घेतलं जात होतं, पण त्याला चेहरा असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"आण्णा येतील इतक्यात. बसा ना," मी म्हणाले.

"ते यायच्या आत मला तुमच्याशी बोलायचंय, ताई."

आण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. मिरजेतल्या एका कॉलेजात ते ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर ते सहकोशाच्या कामाला लागले. सहकोश हा इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश. तो कुणा एकाचा नाही. ज्याला जे येतं ते त्यानं लिहायचं आणि दुसऱ्यानं सुधारायचं. कुणी काय बदललं याची नोंद नावासकट राहते, आणि तो बदल कुणालाही पटला नाही तर रद्द करता येतो. त्याला ते लोक 'उलटवणं' म्हणत. आण्णांनी स्वतः एकही लेख लिहिला नाही. लेख लिहायला माणसं उदंड आहेत, पण लिहिलेला ठेवायचा कुठं हे कोणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते फक्त वर्ग लावत. लिंबू कुठल्या वर्गात, लिंबाचं लोणचं कुठल्या, आणि ते दोन्ही वर्ग आणखी कुठल्या मोठ्या वर्गाच्या पोटात. कोशातला असा सगळा पसारा फांद्या-डहाळ्यांसारखा त्यांच्या डोक्यात उभा होता.

मुजावर तिथले प्रचालक होते. म्हणजे तेही विनामोबदला काम करणारेच, फक्त त्यांच्याकडे किल्ल्या असत. गरज पडली तर ते एखाद्याचं खातं बंद करू शकत. पोटापाण्यासाठी ते ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत, आणि उरलेल्या वेळात आण्णांशी भांडत. शहाळं हे फळ की पेय, यावरून दोघांचं पंधरवडाभर चाललं होतं. "आज मुजावरनं परत उलटवलं," असं आण्णा जेवताना सांगत, आणि त्या दिवशी त्यांना एक भाकरी जास्त लागे. मुजावरही कमी नव्हते. "सर, तुमचं ते 'एका अर्थी आहे, एका अर्थी नाही' बस्तीत ठीक आहे, कोशात एक काहीतरी सांगा," असं त्यांनी एकदा चर्चापानावर, म्हणजे असे वाद घालायच्या पानावर, लिहिलं होतं. ते आण्णांनी मला दोनदा वाचून दाखवलं होतं, दोन्ही वेळा हसत.

मिरज-इचलकरंजी हे अंतर ते काय. तरी दोघं कधी भेटले नव्हते, फोनवरही बोलले नव्हते. हा आण्णांचा नियम होता. "भेटलं की माणूस पटायला लागतो," ते म्हणत. "मग त्याच्या चुका काढता येत नाहीत."

म्हणून मुजावर दारात दिसले तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं.

त्यांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाले आणि मग घेतला. खिशातून फोन काढून त्यांनी आण्णांचे गेल्या काही महिन्यांतले बदल माझ्यापुढे धरले. सुरुवात भोपळ्यापासून झाली होती. आण्णांनी भोपळा फळभाज्यांतून काढून तंतुवाद्यांच्या वर्गात घातला. सगळे हसले; सर मिरजेचे, शेजारच्या गच्च्यांवर सतारीचे भोपळे वाळत असणार, दुसरं काय होणार. मुजावरांनी तो बदल उलटवला आणि आण्णांच्या तिखट उत्तराची वाट बघत बसले. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी भोपळा पुन्हा तंतुवाद्यांत होता.

त्यानंतर कृष्णा नदी 'नद्या' या वर्गातून निघून 'रस्ते' या वर्गात गेली. घोंगडी 'दवाखाने' या वर्गात. कंदील 'शिक्षक' या वर्गात. मुजावर उलटवत गेले, आण्णा पुन्हा घालत गेले, आणि चर्चापान रिकामंच राहिलं.

"भांडले असते तर मी इथं आलो नसतो, ताई," मुजावर म्हणाले. "सर भांडत नाहीयेत."

मग त्यांनी कण्हेर दाखवली. आण्णांनी ती विषारी वनस्पतींतून काढून घरगुती औषधांत ठेवली होती. सकाळी केलेला तो बदल मुजावर कॉलेजातून घरी येईपर्यंत तसाच राहिला होता. सहकोश शाळेतली मुलं वाचत, त्यांच्या आया वाचत. कोशावरच्या कुणीतरी याला उत्पात म्हटलं होतं. मुद्दाम केलेल्या नासधुशीला तिथं तो शब्द आहे. भूपाल मगदूम या खात्यावर कायमचा प्रतिबंध घालावा, असा प्रस्ताव आला होता आणि त्यावर मतं पडायला लागली होती. मुजावरांनी स्क्रीनवर अंगठा आडवा धरला होता, तरी खालची ओळ मी वाचलीच. 'आजोबांच्या हातात आता एखादी पोथी द्या.'

मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. हिवाळ्यातच डॉक्टरांनी निदान केलं होतं. आण्णा माझ्या शेजारीच बसले होते. स्मृती हळूहळू जाणार, असं डॉक्टर सांगत होते, तर आण्णांनी त्यांना थांबवून विचारलं, की या आजाराचे प्रकार किती आणि माझा त्यातला कुठला. डॉक्टरांनी नाव सांगितलं. आण्णांनी मान हलवली, आणि घरी आल्यावर तो विषय पुन्हा कधी काढला नाही. गॅस चालू राही, वार चुकत, गल्लीच्या तोंडाशी ते क्षणभर थबकत, हे मी बघत होते. पण सकाळी संगणकापुढे बसले की पाठ अशी ताठ असे, की पाणी अजून तिथवर चढलेलं नाही, असंच मला वाटत होतं.

मुजावरांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी मनातला उपाय सांगितला. सहकोशावर नवीन माणसाला सरावासाठी एक कोरं पान मिळतं, त्याला धूळपाटी म्हणतात. तिच्यावर काहीही गिरवावं, कोशात जात नाही. मुजावर सबंध कोशाचीच तशी एक धूळपाटी करणार होते, एकट्या आण्णांच्या खात्यासाठी. त्यांना सगळं हुबेहूब दिसेल, फक्त त्यांनी केलेलं त्यांच्यापुरतंच राहील. मग प्रस्तावही मागे घेता येईल, आणि सरांच्या नावापुढे 'उत्पात' हा शब्द लागणार नाही.

"आणि त्यांना कळलं तर?"

"कळलं तर काय म्हणतील ते मला माहितीय. म्हणून तर तुम्हाला विचारायला आलोय."

तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"माझे अब्बा यंत्रमागावर होते. शेवटी शेवटी रोज सकाळी कपडे करून बसायचे, कारखान्यात जायचं म्हणून. आम्ही म्हणायचो, आज सुट्टी आहे. रोजच सुट्टी. एकदा म्हणाले, मालकानं काढलं असेल तर तसं सांगा की."

"मग?"

"सुट्टी आहे म्हणूनच सांगितलं."

मी हो म्हणाले. दुसरं काही मला सुचत नव्हतं. मुजावर घाईनं उठले. मी दारात उभी होते, तेव्हा गल्लीच्या वळणावर त्यांची मोटारसायकल आणि गुळगुळीत दाढी करून येणारे आण्णा समोरासमोर आले. गल्ली अरुंद. मुजावरांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि आण्णांना वाट दिली. आण्णांनी हात वर करून आभार मानले. ते कोण, हे आण्णांना माहीत नव्हतं. मुजावरांनी मात्र ओळखलं असावं, कारण आण्णा दारापर्यंत पोचले तरी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नव्हता.

पहिले काही दिवस बरे गेले. मी पुण्याच्या प्रकाशकांची मुद्रितं तपासते, ते काम टेबलाच्या एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला आण्णांचा संगणक. हल्ली कोणी आडवं येत नाही, असं ते खुशीत म्हणाले. मी उठता-बसता त्यांच्या स्क्रीनवर नजर टाकायची. कृष्णा नदी 'रस्ते' या वर्गात निवांत पडलेली असायची. तिच्यासोबत आता नाव होती, आणि तंतुवाद्यांतून उठून भोपळाही तिथंच आला होता.

भोपळा दिसला तेव्हा मात्र माझ्या हातातलं पेन थांबलं. आण्णांचं लहानपण नदीकाठच्या खेड्यात गेलं. शाळा पलीकडच्या काठावर. नाव नसेल त्या दिवशी पोरं कमरेला वाळका भोपळा बांधून, दप्तर डोक्यावर धरून पलीकडे जात. हे त्यांनी मला कधीकाळी सांगितलं होतं. घोंगडीचंही मग आठवलं. माझ्या आजीला तापात घोंगडीच्या झोळीत घालून मिरजेच्या दवाखान्यात आणलं होतं. कंदिलाचं काही मला माहीत नव्हतं. विचारावं असं वाटलं, पण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्यांचं काम चोरून बघते हे त्यांना कळलं असतं.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांचं चित्त उडालं. सकाळी बसले की आधी निरोप उघडत. मग चर्चापान. मग पुन्हा निरोप. मुजावर आजारी आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत, मी म्हणाले. मग त्याच्या कॉलेजात परीक्षा असतील, ते स्वतःशीच म्हणाले. एकदा त्याचा फोन नंबर मिळेल का म्हणून विचारलं. भेटायचं नाही, बोलायचं नाही हा नियम ज्यांनी घातला त्यांनीच. नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी नाही म्हणाले. ताटातली भाकरी अर्धी राहायला लागली. दूध-भाताला तर ते हातही लावेनात.

एके दिवशी मी संध्याकाळची पानं घ्यायच्या तयारीत होते. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवतात. आण्णांनी बाहेरून हाक मारली, "त्रिशला, इकडं ये."

स्क्रीनवर चुंबकाचा लेख होता. खाली वर्ग लावला होता: पालेभाज्या.

मी हळूच म्हणाले, की आण्णा, हे जरा चुकलंय.

"चुकलेलंच आहे. मुद्दाम घातलंय."

त्यांचा आवाज अगदी पूर्वीचा होता. कॉलेजातल्या एखाद्या पोरानं पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवलं की लागायचा तो.

"मुजावर भौतिकशास्त्र शिकवतो. चुंबक भाजीत जाऊन आठवडा झाला आणि तो गप्प आहे. एक तर मुजावर मेला, नाहीतर मी."

"असं काय बोलता, आण्णा."

"मग हा कोश नाही." ते माझ्याकडे बघत होते. "कोशात इतके दिवस माणसाला कुणी बिनहरकत ठेवत नाही. इथं माणसंच नाहीत. हे कुणी केलं?"

मी सांगितलं. मुजावर आले होते, प्रस्ताव होता, कण्हेर होती, धूळपाटी होती. सांगताना वाटत होतं की ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी संगणक बंद केला, त्यावर घालायचा फडका घड्या मोडून नीट घातला, आणि मग म्हणाले,

"माणसाचं डोकं फिरलं की त्याला खोलीत ठेवतात. ते मला चालेल. पण खोलीलाच गाव म्हणून सांगू नका."

त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही. मुजावरला बोलाव, एवढंच ते झोपायला जाताना म्हणाले.

रविवारी मुजावर आले. आण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते खुर्चीत बसून दाराकडे बघत होते. मुजावर आत आले, चपला काढताना जरा अडखळले. आण्णांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल," ते म्हणाले.

"मलाही तुमच्याबद्दल तेच वाटलं होतं, सर."

आण्णांनी त्यांना शेजारची खुर्ची दाखवली. मग एखाद्या तोंडी परीक्षेसारखं त्यांनी विचारायला सुरुवात केली. कृष्णेचं काय केलं, कंदिलाचं काय केलं. मुजावरांनी काही लपवलं नाही. कुठला लेख कुठून काढलात, कुठं घातलात, मी कधी परत ठेवला, सगळं सांगितलं. आण्णा प्रत्येक वेळी मान हलवत. जणू तिसऱ्याच कुणाच्या चुका चालल्या होत्या. कण्हेरीशी आल्यावर मात्र ते थांबले.

"कुणाला काही झालं?"

"नाही, सर. मी वेळेवर काढली."

"आणि पुढच्या वेळी तुम्ही वर्गात शिकवत असाल."

आण्णांना तो प्रस्ताव बघायचा होता. तो मागे घेतलाय, आता त्याचं काय, असं मुजावर म्हणाले, मीही म्हणाले. आण्णा म्हणाले, पुन्हा उघडा, आणि माझं खातंही होतं तिथं नेऊन ठेवा. दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून मी मत देणार नाही. मुजावरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी आपला लॅपटॉप काढला आणि बराच वेळ काहीबाही केलं. मग आण्णांच्या संगणकावर खरा कोश उघडला. चुंबक भौतिकशास्त्रात होतं, भोपळा फळभाज्यांत.

आण्णांनी प्रस्ताव पहिल्यापासून वाचला, बोट ओळीखाली धरून. पोथीच्या ओळीशी बोट थांबलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला आत निघून जावंसं वाटत होतं.

"पोथी द्या म्हणतोय," आण्णा म्हणाले. "धार्मिक साहित्य की हस्तलिखितं, ते सांगितलं नाही. कच्चा आहे."

मुजावर हसले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले.

मग आण्णांनी एका बोटानं लिहायला सुरुवात केली. अक्षर शोधायला वेळ लागत होता. मध्येच हात अधांतरी राही. मी पुढे झाले तर त्यांनी मला डाव्या हातानं थांबवलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

"पाठिंबा. या खात्याच्या कामावर यापुढे भरवसा ठेवता येणार नाही. भूपाल मगदूम."

आणि बटण दाबलं.

गल्लीत कुणीतरी सतारीची तार लावून बघत होतं, तीच तार, पुन्हा पुन्हा. आण्णा हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत होते. मुजावरांनी चष्मा चढवला, लॅपटॉप पुढे ओढला आणि भराभर काहीतरी लिहिलं. आण्णांच्या संगणकानं टिंग केलं.

आण्णा पुढे वाकले. मलाही तिथून दिसत होतं. 'तुमचा बदल शकील मुजावर यांनी उलटवला आहे. कारण: ज्या खात्याविषयी प्रस्ताव असेल, त्या खात्याला मताचा अधिकार नाही.'

"हा नियम कुणाचा?" आण्णांनी विचारलं.

"तुमचाच. तुम्हीच चर्चेला आणलात आणि तुम्हीच मंजूर करून घेतलात. मी विरोधात होतो."

"मूर्ख नियम आहे."

"मग चर्चापानावर मांडा, सर. इथं बोलून उपयोग नाही."

आण्णांचे खांदे हलायला लागले. मी धावत पुढे गेले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि त्याच हातानं डोळे पुसून त्यांनी चर्चापान उघडलं. एका टेबलाशी, कोपराला कोपर लागेल इतके जवळ बसून ती दोन माणसं मग लिहून भांडत राहिली. तोंडानं एक शब्द नाही. एक टिंग या बाजूला वाजे, मग बऱ्याच वेळानं त्या बाजूला. आण्णांची वाक्यं अर्धी होत होती, एकदा तेच वाक्य पुन्हा आलं. मुजावर त्याला पुन्हा, वेगळं उत्तर देत होते. मी पानं घेतली तेव्हा उन्हं कलली होती. मुजावर आमच्यासोबतच जेवले. आण्णांनी त्यांना स्वतःच्या हातानं शेंगदाण्याची चटणी वाढली आणि म्हणाले, नियम बदलणार नसाल तर निदान मला काढायचं काम तरी तुम्हीच करा, त्या पोथीवाल्या पोराला करू देऊ नका.

प्रस्ताव मंजूर झाला. खातं बंद करताना कारण निवडावं लागतं: उत्पात, जाहिरात, खोटी ओळख. त्यातलं एकही लागू नव्हतं. मुजावरांनी त्यात एक चौथं कारण वाढवलं: स्वतःच्या विनंतीवरून. त्याआधी त्यांनी फोन केला होता. मी उचलला तर ते नुसतंच 'ताई' म्हणाले. आण्णांनी फोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाले, "दाबा, मुजावर. मी इथंच आहे."

बंद झालेल्या माणसाला सहकोशात एकच जागा उरते. त्याचं स्वतःचं चर्चापान. तिथं तो लिहू शकतो, दुसरेही त्याला विचारू शकतात. पुढच्याच रविवारी त्या पानावर मुजावरांचा प्रश्न आला. हुर्डा धान्यात धरावा की खाद्यपदार्थांत? 'माझ्या मते धान्यात. तुमचं काही वेगळं असल्यास तुम्ही चूक आहात.' आण्णांनी सबंध दिवस घालवून उत्तर दिलं. त्यानंतर दर रविवारी प्रश्न येत गेला. आण्णा कंटाळताहेत असं दिसलं की मुजावर मुद्दाम काहीतरी भलतंच लिहीत. मडक्याला शेती-अवजारांत टाकतो म्हणत. आण्णा तरातरा येऊन बसत.

हळूहळू उत्तरं आखूड झाली. कधी हुर्ड्याच्या प्रश्नाला मडक्याचं उत्तर जाई. मग ती मी लिहून घ्यायला लागले. ते सांगत, मी बटणं दाबत असे. मग फक्त एक शब्द उरला: नाही. मुजावरांना तेवढा पुरत असे. 'सर नाही म्हणतात, तेव्हा विचार करायला हवा,' असं ते खाली लिहीत, आणि पुढच्या रविवारी नवं काहीतरी घेऊन येत. दीड वर्ष हे चाललं. आण्णा जाऊन आता बराच काळ झाला. त्या पानावर मी अजून कधीकधी जाते आणि वरून खाली वाचते.

त्यातला शेवटचा प्रश्न पापडाचा आहे. 'सर, पापड हे वाद्य धरावं असं मी ठरवतोय. मोडला की वाजतो.'

मी तो आण्णांना वाचून दाखवला. पुन्हा वाचला. टेबलावर उन्हाचा एक पट्टा आला होता, तिकडे ते बघत होते.

"कोण विचारतंय?"

"मुजावर, आण्णा."

"चांगला माणूस आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "लिही. तुमचं बरोबर आहे."

असंच लिहू का, असं मी विचारलं. लिही, ते म्हणाले, त्यांना बरं वाटेल.

मी लिहिलं आणि बटण दाबलं. फोन जवळजवळ लगेच वाजला. मुजावरच होते. पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. कुठंतरी गाडी बाजूला घेऊन उभे असावेत.

"ताई, हे सरांनी सांगितलं, का तुम्ही लिहिलंत?"

"त्यांनीच सांगितलं."

"उलटवू का?" त्यांनी विचारलं.

मी आण्णांकडे पाहिलं. त्यांनी तळवा उघडून उन्हाच्या पट्ट्यात ठेवला होता आणि तो किती भरतो ते बघत होते.

"उलटवा," मी म्हणाले.